ज्याचा तीळ त्याचं तेल

"रेवडी खाल्लीस?"

"खाल्ली."

"कुस्ती जिंकून?"

"मग काय हरल्यावर देतात व्हय?"

झालं! अप्पाजीपंत कारभाऱ्यांनी लेखणी उचलली आणि म्हादू तेल्याच्या नावावर आडवी काट मारली.

टेकडसांगवीच्या राजेसाहेबांनी विद्यालय काढलं होतं आणि विद्यालयात तालीम. दर दसऱ्याला शेजारच्या संस्थानाचे मल्ल येऊन ढाल घेऊन जायचे, आणि शेजारी पैलवान विकत घेतो असा राजेसाहेबांना दाट संशय होता. म्हणून आपला मल्ल कसा धुतल्या तांदळासारखा हवा! त्यासाठी पंतांनी भरतीची सतरा कलमं लिहिली. पोरगा चार बुकं शिकलेला असावा. कुस्तीवर त्यानं जन्मात बक्षीस घेतलेलं नसावं. आणि भरती होईस्तोवर विद्यालयाच्या कुणीही त्याला किंवा त्याच्या घरच्यांना काही म्हणजे काही देऊ नये. देणाऱ्याला वर्षभर आखाड्याची बंदी!

दौलू वस्तादांनी हे कलम फारच मनावर घेतलं. बाजारात दणकट पोरगा दिसला की ते आभाळाकडे बघत चालायचे. दोनदा गटारात पडले.

तीन वर्षांत सतराही कलमांतून एकच विद्यार्थी पार झाला. त्यानं कधी बक्षीस घेतलं नव्हतं, कारण तो कधी जिंकलाच नव्हता.

म्हादूची थोरली बहीण सगुणा. बाप गेल्यापासून तेलाचा घाणा तीच चालवायची. कलमांची दवंडी ऐकल्या दिवसापासून तिनं भावाला जपलं होतं. फेटा नको, चांदीचं कडं नको, नारळसुद्धा नको! म्हादू कुस्त्या मारून रिकाम्या हातानं घरी यायचा आणि लोक विचारायचे, "आज पण आपटला का रं?" चौथीचं बुक तिनं त्याच्याकडून घाण्याच्या बैलामागं फिरत घोकून घेतलं. निम्मं बैलालाही पाठ झालं. आणि आता एवढं करून, सातव्या वर्षी खाल्लेली एक रेवडी आडवी आली!

सगुणा तडक दरबारात गेली.

"सरकार, लेकरू होतं ते!"

"कलमात वय नाही," पंत म्हणाले. "जन्मात म्हणजे जन्मात. मागचं, पुढचं, सगळं लागू."

"अहो, रेवडी म्हणजे गूळ आणि तीळ. ते काय बक्षीस झालं?"

"जिंकल्यावर दिलं ते बक्षीस. फुटाणा दिला असता तरी बक्षीसच!"

राजेसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. ते एकदा 'नाही' म्हणाले की त्यांच्या आईसाहेबांनाही 'हो' करून घेता येत नसे.

"आम्ही काही हट्टी नाही," ते म्हणाले. "घेतलेलं परत केलं तर काट पुसू. उद्या दुपारपर्यंत तीच रेवडी, ज्यानं दिली त्याला परत कर."

दरबार खदखदून हसला. दौलू वस्ताद तेवढे हसले नाहीत. उमेदवाराची बहीण समोर होती, म्हणून ते छताकडे बघत होते.

"तीच?" सगुणानं विचारलं.

"तीच!"

"आणि ज्यानं दिली त्यानं नको म्हटलं तर?"

"आमचा हुकूम आहे. मुकाट घ्यावी लागेल!"

"पंत, लिहून घ्या की," सगुणा म्हणाली.

पंतांनी अठरावं कलम लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगुणा आली. हातात ना ताट, ना पुडी. मागं न्हाऊन-माखून चकचकीत झालेला म्हादू.

"रेवडी कुठंय?" राजेसाहेब गरजले.

"ही काय!" सगुणानं म्हादूला पुढं ढकललं.

"हा तुझा भाऊ!"

"सरकार, माझ्या घाण्यावर कुणी पायलीभर तीळ आणून टाकला, तर सांजच्याला तो काय नेतो?"

"तेल."

"'माझा तोच तीळ दे' म्हणून कुणी भांडतो?"

"वेड लागलंय का त्याला!"

"ज्याचा तीळ त्याचं तेल. आज्यापासनं आमची हीच रीत हाय." सगुणानं म्हादूच्या दंडावर थाप मारली. ढोल वाजावा तसा आवाज आला. "ती रेवडी या घाण्यात दहा वर्सं फिरली. तिचं हे झालं. आता तीळ काही निराळा काढता यायचा न्हाई, म्हणून सगळाच आणलाय."

राजेसाहेबांची मिशी जराशी हलली. "बरं, मानलं. पण मग ज्यानं रेवडी दिली त्याच्याकडं ह्याला ने. आमच्याकडं कशाला?"

"जत्रंत पोरांची पहिली कुस्ती रेवडीवर लागती, सरकार. ती रेवडी कोण देतं?"

टेकडसांगवीच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं! आजोबांच्या काळापासून ती रेवडी राजाच्याच हातची.

पंत मात्र उसळले. "थांबा! म्हणजे सरकारांनी भरतीच्या उमेदवाराला बक्षीस दिलं? तर मग कलम नववं! देणाऱ्याला वर्षभर आखाड्याची…"

पंतांची जीभ थांबली, पण बरंच पुढं जाऊन.

"वाचा ना, पंत," राजेसाहेब शांतपणे म्हणाले. "देणाऱ्याला काय?"

"रेवडी हे बक्षीस नव्हे, सरकार," पंत घाम पुसत म्हणाले. "तो खाऊ."

"काल बक्षीस होतं."

"काल… माझा चष्मा घरी राहिला होता."

राजेसाहेबांचं हसू असं काही फुटलं की लोड एकीकडं गेला आणि पगडी दुसरीकडं! दौलू वस्तादांनी तीन वर्षांत पहिल्यांदा मान खाली घेतली, म्हादूच्या मांड्या डोळे भरून पाहिल्या आणि हात जोडले.

"पोरी, आमची रेवडी आम्हाला पोचली!" राजेसाहेबांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढला. "घे!"

सगुणा दोन पावलं मागं सरली आणि तिनं दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"अजून भरती कुठं झालीय, सरकार? घरच्यांना काही देऊ नये! आधी सही."

राजेसाहेबांनी हसत हसतच सही केली. पंतांनी शिक्का मारला. सगुणानं कागद उजेडात धरून सगळा वाचला, वाळूनं शाई टिपली, नीट घडी घातली आणि मग पदर पसरला.

"हं, आता द्या."