चिंगळीची एक मिशी

एक होती चिंगळी. मांजराचं पिल्लू हो! मुठीएवढं अंग, बोटभर शेपूट. मिशा मात्र थेट आजोबांच्या!

चिंगळीला सापडलं सुक्या बोंबलाचं मुंडकं. ती खाणार, तोच आला कावळा. फडफड फडफड! मुंडकं घेऊन पसार!

चिंगळीचं पोट ओरडलं, "गुर्र गुर्र!"

चिंगळी निघाली बाजारात. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

बाजार मांडलेला, पण गिऱ्हाईक एक नाही. सगळा गाव गेला होता नव्या काचेच्या दुकानात. तिथे लांबून आलेले मासे बर्फात झोपतात म्हणे. ते बघायला!

बायोमावशी सुके बोंबील घेऊन बसली होती.

"मावशी, मावशी, मुंडकं दे!
पोट गप्प बसेना, गुर्र गुर्र!"

मावशी म्हणाली, "देईन की! पण आधी भवानी. दिवसाची पहिली विक्री ती भवानी. त्याआधी फुकट द्यायचं नाही, अशी आमची रीत. जा, अंडीआजीला सांग बोंबील घ्यायला."

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

"आजी, आजी, बोंबील घे!
मावशी मुंडकं देईना,
पोट गप्प बसेना, गुर्र गुर्र!"

आजी म्हणाली, "घेईन की! एकच दात उरलाय माझा, तो बोंबलावरच चालतो. पण आधी भवानी. जा, मडकेकाकाला सांग अंडं घ्यायला."

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

"काका, काका, अंडं घे!
आजी बोंबील घेईना,
मावशी मुंडकं देईना,
पोट गप्प बसेना, गुर्र गुर्र!"

काका म्हणाला, "घेईन की! अंडं खाल्लं की माझं चाक गरागरा फिरतं. पण आधी भवानी. जा, मटणवाल्या कासमचाचाला सांग मडकं घ्यायला."

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

"चाचा, चाचा, मडकं घे!
काका अंडं घेईना,
आजी बोंबील घेईना,
मावशी मुंडकं देईना,
पोट गप्प बसेना, गुर्र गुर्र!"

चाचा म्हणाला, "घेईन की! मटण आहे, मडकं नाही. टोपीत शिजवू का? पण आधी भवानी. जा, बायोमावशीला सांग मटण घ्यायला."

टुपुक टुपुक, टुपुक... दमली बिचारी.

"मावशी, मावशी, मटण घे!
चाचा मडकं घेईना,
काका अंडं घेईना,
आजी बोंबील घेईना,
मावशी मुंडकं देईना,
पोट गप्प बसेना, गुर्र गुर्र!"

"अगंबाई, मावशी म्हणजे मीच की! घेईन हो मटण. रस्सा प्यायल्याशिवाय माझा आवाज कुठे फुटतो? पण आधी भवानी."

"मग आता कुणाला सांगू?"

"आता कुणी उरलंच नाही गं."

चिंगळीला आलं रडू. रडूवर आला राग. तिने अंग झटकलं. टुप! एक मिशी गळून पडली.

"मावशी, ही घे मिशी! कर तुझी भवानी!"

मावशीने मिशी कपाळाला लावली. मग टोपलीला लावली. "झाली गं बाई भवानी!"

"आणि माझं मुंडकं?"

"आलेच! आधी मटण आणते. तू टोपली राख!" मावशी धावली. धपधप धपधप.

मांजराने मासळी राखायची! ऐकलंय कधी?

टोपलीत शंभर बोंबील. वास घमघम, पोट गुर्र गुर्र. चिंगळीने दोन पंजांनी नाक दाबलं. "गप रे पोटा, मी कामावर आहे!"

मावशीने मिशी दिली, मटण घेतलं.
चाचाने मिशी दिली, मडकं घेतलं.
काकाने मिशी दिली, अंडं घेतलं.
आजी आली लुटूलुटू. आजीने मिशी दिली, बोंबील घेतला.

जो तो मिशी कपाळाला लावत होता! कासमचाचाच्या मडक्यात रस्सा रटरटला. मावशीने वाटीभर प्यायला. मग काय, आवाज फुटला!

"बोंबीऽऽऽल घ्या, बोंबीऽऽऽल!"

काचेचं दुकान थरथरलं. बर्फातले मासे दचकले. गाव पळत पळत बाजारात आला.

मावशीने टोपली बघितली. आजीने नेलेला सोडला, तर एक बोंबील कमी नाही. तिने चिंगळीचा पापाच घेतला.

"हे मुंडकं फुकटचं. हा अख्खा बोंबील राखणीचा. आणि ही घे तुझी मिशी!"

कुडुम कुडुम, कुडुम कुडुम. पोट गप्प बसलं.

तेवढ्यात कावळा आला. "काव काव! मलाही मुंडकं दे."

चिंगळीने मिशी कपाळाला लावली. "देईन की! पण आधी भवानी. काढ एक पीस!"

कावळ्याचं पीस टोपलीत, चिंगळीचा बोंबील पोटात, आमची गोष्ट तुमच्या कानात.