गाडीवरची पाच बोटं

“...आणि आप्पाजी, ती राख मसणातली असली तर?”

राजशेखर शेटेनं धापा टाकतच विचारलं.

मठाच्या ओसरीवर तिथले स्वामी, आप्पाजी, बेलाची पानं निवडत बसले होते. चांगली परातीत, किडकी बाजूला. म्हातारे झाले होते, पण हात थांबत नव्हता.

“कसली राख?”

“गाडीवरची. पाच बोटं उमटलेली असतात. रोज सकाळी. एकाच जागी.”

“आधी पाणी पी,” आप्पाजी म्हणाले. “मग सांग.”

राजशेखरनं तांब्या उचलला. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. कॉलेजात पोरांना पदार्थविज्ञान शिकवणारा हा माणूस आज करणीला भ्याला होता. तेही स्वतःसाठी नव्हे, गाडीसाठी!

ती गाडी मात्र होतीच तशी. काळी कुळकुळीत. गडहिंग्लजात काळ्या गाड्या काही कमी नाहीत, पण जिच्या दारात बघून माणसानं भांग पाडावा अशी ही एकच. ती बाहेर धुवायला द्यायची म्हटलं की राजशेखरच्या अंगावर काटा यायचा. परक्याच्या फडक्यात वाळूचा एक कण असला तरी रंगावर रेघ उठते, असं तो गल्लीला ऐकवायचा. म्हणून दर रविवारी गाडीची अंघोळ घरीच. आधी पाण्याचा फवारा, मग फेस. एका बादलीत शाम्पू, दुसरीत फडकं खंगाळायला साधं पाणी. रंगात रुतलेली धूळ ओढून काढायला चिकणमातीसारखी एक वडी. सगळ्यात शेवटी गरगर फिरणारं पॉलिशचं मशीन. फडकी तर सोवळ्यात ठेवल्यासारखी वेगवेगळी. काचेचं चाकाला लागायचं नाही, चाकाचं टपाला लागायचं नाही.

लग्न जमता जमता राहिलेल्या माणसानं एवढं कुठंतरी जीव लावावा, यात गल्लीला नवल वाटत नसे. हसू मात्र यायचं.

“बोटं कुठं असतात?” आप्पाजींनी विचारलं.

“डाव्या अंगाला. आरशापासून मागच्या दिव्यापर्यंत. पांढरे पट्टे... कुणी हात ओढत नेल्यासारखे.”

“उंची?”

राजशेखरनं स्वतःच्या कमरेशी हात धरला.

“संशय कुणावर हाय?”

तो जरा जवळ सरकला. आवाज खाली आणला.

“शेजारच्या सुभद्राबाईवर. नवरा गेल्यापासून एकटीच असते. उजाडताना आमच्या फाटकापासून माघारी जाताना मी तिला पाहिलंय. माडीवरून, माझ्या डोळ्यांनी. उद्या गल्ली गोळा करणार आहे मी. चारचौघांत विचारणार.”

आप्पाजींचा हात परातीवर थांबला.

“काय विचारणार?”

“करणी कशासाठी केलीस, ते.”

करणीचं नाव एकदा एखाद्या बाईला चिकटलं की ती मेली तरी निघत नाही. राजशेखरला हे कळत नव्हतं असं नाही. शिकलेला होता. पण गाडीवर डाग पडत होता, आणि त्यापुढं त्याचं शिक्षण गळून पडलं होतं.

“घरात विचारलंस?”

“घरात आहे कोण? मी आणि अव्वा.” अव्वा म्हणजे त्याची आई, गुरव्वा. “तिला विचारलं, पहाटे गाडीपाशी कुणी दिसतं का तुला. तर म्हणाली, मला कुठलं दिसतंय बाबा...”

आप्पाजींनी हातातलं पान खाली ठेवलं.

मठाच्या मागं कुठंतरी रहाट करकरला, थांबला.

“मग तू काय म्हणालास?”

“म्हणायचं काय? म्हटलं, राहू दे. तिचं लक्ष सगळं देवात.”

आप्पाजींनी परात बाजूला सारली. भिंतीला हात देऊन उठले. खुंटीवरची काठी घेतली.

“चल. गाडी दाखव.”

“आत्ता? पण आत्ता बोटं नाहीत, आप्पाजी. सकाळची मी धुऊन काढली. आणि वर नवीन कोटिंग चढवलंय.” एवढ्या घाबरगुंडीतही त्याच्या आवाजात ऐट आली. “असलं गुळगुळीत झालंय की माशी बसली तरी घसरून पडेल. उद्यापर्यंत हलवायची नाही, म्हणून तर चालत आलो.”

“कधी लावलंस?”

“आज दुपारी.”

आप्पाजी पायऱ्या उतरलेसुद्धा. “मग आजच जायला पाहिजे,” म्हणाले, आणि चालू लागले. त्या वयात त्यांची एवढी घाई राजशेखरनं कधी पाहिली नव्हती. तो मागून जवळजवळ पळतच निघाला. त्याला वाटलं, करणी भलतीच जबर असणार.

घरी पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. फाटकाच्या आत गाडी उभी. तोंड घराकडं, पाठ रस्त्याकडं. पायरीपासून फाटकापर्यंत सगळी जागा तिनंच व्यापलेली. डाव्या अंगाला कंपाउंडच्या भिंतीलगत माणूस जाईल एवढा बोळ तेवढा राहिला होता. उन्हात तिचा पत्रा असा चकाकत होता की आप्पाजींची भगवी कफनी तिच्यात पेटल्यासारखी दिसली.

आप्पाजींनी गाडीकडं पाहिलंच नाही. ते फरशीकडं पाहत होते. बोळात, गाडीच्या कडेनं, लोखंडी नळ्यांचे कापलेले बुडखे वर आलेले होते.

“हे काय?”

“कठडा होता. वडिलांनी बसवलेला. गाडीचं दार उघडताना लागायचा. ओरखडा उठला असता, म्हणून कापून टाकला.”

“हं.”

आप्पाजींनी बटव्यातून विभूतीची वडी काढली. राजशेखरचा जीव भांड्यात पडला. अंगारा मिळणार! त्यानं कपाळ पुढं केलं.

“कपाळ नको. हात दे. डावा.”

त्यांनी वडी त्याच्या तळव्यावर घासली. बोटांवर घासली, बोटांच्या पेरांवर घासली. हात पांढराफटक झाला.

“पायरीवर जा. डोळे मीट. तिथनं फाटकापर्यंत चालत ये.”

“यानं उतारा होतो?”

“चालत ये.”

राजशेखर पायरीवर उभा राहिला. मनातल्या मनात हसलाही. जन्म गेला या दारात. फरशी न् फरशी पाठ आहे. हे काय अवघड आहे?

डोळे मिटले.

पहिली पायरी उतरला. दुसरी होती त्यापेक्षा खाली निघाली. पाय हवेतच राहिला, आणि जमीन लागली तेव्हा सगळं अंग हादरलं. त्यानं पुढं पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. मग कळेना की आपण सरळ चाललोय की तिरके. भिंत जवळ आली असं वाटलं. नळीचा बुडखा अंगठ्याला लागला... कळ मस्तकात गेली. तो डावीकडं कलला आणि त्याचा हात आपोआप वर झाला. काहीतरी धरायला. काहीही.

तळवा गाडीवर पडला.

क्षणभर बरं वाटलं. गार, घट्ट काहीतरी हाताला आलं होतं. त्याच्या आधारानं तो पुढं सरकला. आणि अंगाचा सगळा भार हातावर आला तसा हात निसटला. दुपारी दोन तास खपून त्यानंच चढवलेल्या त्या गुळगुळीतपणावरून हात सर्रकन् गेला, अंग हाताच्या मागं गेलं, गुडघा फरशीवर आपटला आणि खांदा फाटकावर आदळला.

“आई गं!”

डोळे उघडले. गुडघ्यावर पँट फाटली होती, रक्त आलं होतं. पण त्याचं तिकडं लक्षच गेलं नाही.

काळ्या पत्र्यावर पाच पांढरे पट्टे उमटले होते. आरशापासून मागच्या दिव्यापर्यंत.

तेच.

तसेच वाकडे, तसेच लांबट. फक्त रोजच्यापेक्षा वीतभर वर. म्हणजे रोजचा हात त्याच्याहून बुटक्या माणसाचा होता... धरायला काही न सापडलेल्या माणसाचा... डोळे मिटून चालणाऱ्या माणसाचा.



“आप्पाजी, हे...”

आप्पाजींनी ओठांवर बोट ठेवलं. घराच्या दाराकडं पाहिलं.

आवाज ऐकून अव्वा बाहेर आली होती. दाराच्या चौकटीला एक हात. नेसूचा पदर डोक्यावरून नीट घेतलेला, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे.

“राजू? पडलास काय रं?”

आप्पाजी चालत गेले आणि पायरीशी, तिच्या समोर उभे राहिले. हात लांब केला असता तर लागला असता, इतके जवळ. लग्न होऊन या घरात आल्यापासून ज्यांच्या पायांवर डोकं ठेवल्याशिवाय अव्वा मठातून परतली नव्हती, ते आप्पाजी. उंच, भगवी कफनी, छातीवर पांढरी दाढी. गर्दीतसुद्धा चुकायचे नाहीत.

अव्वाची नजर त्यांच्यावरून गेली. थांबली नाही. पुढं भिंतीकडं निघून गेली.

“कोण आलंय रं संगं?”

राजशेखर जागच्या जागी गोठला.

“अव्वा...” त्याला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. “तुझ्यासमोर कोण उभं आहे?”

“मला कुठलं दिसतंय बाबा.”

तेच वाक्य. त्याच सुरात. सकाळी त्याला ते म्हातारपणाची कुरकुर वाटलं होतं.

“कधीपासून?”

“दिवाळीपास्नं कमी कमी हुईत गेलं. आता उजेड-अंधार तेवढा कळतोय.” तिनं असं सांगितलं, जसं कुणी दूध संपल्याचं सांगावं. “तुला म्हाईत हाय की. सांगितलं न्हवं का मी? दोन येळा. गाडी पुशीत हुतास. मशीन चालू हुतं. बरं बरं, बघू, म्हणालास.”

बरं बरं, बघू.

म्हणाला असेल. नक्कीच म्हणाला असेल. त्याला आठवत नव्हतं, आणि हे आठवत नाही याचीच त्याला भीती वाटली. आठवलं ते भलतंच. भाजीत दोनदा मीठ पडलेलं, आणि त्यानं ताट सरकवलेलं. समईच्या वातीनं भाजलेलं तिचं बोट. ‘लक्ष कुठं असतं गं तुझं?’ असं त्यानंच तिला विचारलेलं. रंगावरची केसाएवढी रेघ बॅटरी लावून हुडकणारा हा माणूस रोज दोन वेळा या बाईसमोर बसून जेवत होता.

“सकाळी सुभद्रा बेल घेऊन येती पूजंला,” अव्वा सांगत होती. “आत येऊन देते म्हणती बिचारी. मीच न्हाई म्हणते. तेवढंच फाटकापतोर चालणं हुतंय. आणि राजूची गाडी हाय की धरायला, म्हणते तिला.”

ती जराशी ओशाळली.

“हात लागतोय गाडीला. तू रागावशील म्हणून पुसाय जाते पदरानं... पर कुठं लागलाय त्येच कळत न्हाई बघ.”

राजशेखरला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. भिंतीपलीकडं सुभद्राबाईच्या घरात भांडी वाजत होती. तिकडं मान वळवायची त्याला हिंमत होईना. त्याच्या मनासमोर उद्याची सकाळ उभी राहिली. अव्वा अंघोळ करून, विभूती लावून बाहेर येईल. पायरी उतरेल. रोजच्या विश्वासानं हात टाकेल. आणि हात...

तो स्वतः चाळिशीचा, धडधाकट. त्याचा गुडघा फुटला होता.

“भस्माचा वास येतोय,” अव्वा एकदम म्हणाली. तिचा हात हवेत चाचपडला. कफनीची कड तिच्या बोटांना लागली, आणि तिचा चेहरा उजळला. “आप्पाजी? अगं बाई! शरणु शरणार्थ, आप्पाजी! आणि मी ही अशी उभी!”

ती वाकायला लागली. आप्पाजींनी तिला वाकू दिलं नाही. तिचे दोन्ही हात धरून तसेच उभे राहिले.

राजशेखर उठला. मागच्या खिशातलं मऊ फडकं त्याच्या हातात कधी आलं होतं, त्याला कळलं नव्हतं. हात सवयीनं गाडीवरच्या पट्ट्यांकडं निघाला होता. ते ध्यानात आलं तसं त्यानं फडकं भिरकावून दिलं, चटका बसल्यासारखं. खिशातून किल्ली काढली.

“आप्पाजी, ही गाडी मी आत्ता इथून काढतो. कोटिंग जाऊ दे खड्ड्यात. गल्लीच्या तोंडाला लावतो. उन्हात सडू दे, धुळीत मळू दे. पुन्हा या दारात आणत नाही.” तो लहान पोरासारखा रडत होता, आणि नाक पुसायचं भान त्याला नव्हतं. “सगळी वाट मोकळी करतो अव्वासाठी. पार फाटकापर्यंत... सगळी मोकळी.”

आप्पाजींनी त्याच्या हातातल्या किल्लीकडं पाहिलं. मग फरशीतल्या बुडख्यांकडं पाहिलं. अव्वाचे हात त्यांनी अजून सोडले नव्हते.

“मोकळी करशील रं,” ते म्हणाले. “मग तिनं धरायचं काय?”