मागे सरकणारं तळं

एका राज्यात पृथुसेन नावाचा राजा होता, आणि त्याला सात वर्षं झोप नव्हती.

झोप डोंगरावरच्या मांत्रिकाने नेली होती. मांत्रिकाचं मागणं साधं होतं: डोंगरातल्या तळ्याकडे जाणाऱ्या वाटेला पायऱ्या बांधून द्याव्यात. तो दर वर्षी दरबारात येई आणि राजा दर वर्षी म्हणे, "होतीलच आता." बाराव्या वर्षी मांत्रिकाने राजाची झोप काढून पितळी गडूत भरली आणि गडू तळ्याच्या तळाशी ठेवला. जाताना त्याने अटी सांगितल्या. त्या तीन होत्या. अशा अटी तीनच असतात. पालखी आणायची नाही. सेवक आणायचे नाहीत. पुढे मुलं झाली तर ती घरी ठेवायची नाहीत. सात वर्षांच्या आत गडू हाती आला नाही, तर झोप कायमची गेली.

"जाऊच आता," म्हणत राजाने सात वर्षं काढली. शेवटच्या दिवशी पहाटे तो निघाला.

बरोबर राणी सौदामिनी होती, सहा वर्षांची राजकन्या मंजुळा होती आणि चार वर्षांचा राजपुत्र केयूर होता. राणीने धपाटे, दही, कोरडे कपडे आणि पाण्याचा बुधला घेतला. मुकुट बोचक्यात मावला नाही, तो घरी राहिला. मुलांना सांगितलं होतं, तळं बघायला जायचंय.

पहिल्या चढावर केयूर म्हणाला, "बाबा, आलं का तळं?"

"आलंच आता."

दुसऱ्या चढावर दही सांडलं. मंजुळाने विचारलं, "अजून किती लांब?"

"हे काय, एवढंच."

तिसऱ्या चढावर केयूर राजाच्या खांद्यावर बसला आणि राजाचे कान धरून म्हणाला, "आता तरी?"

"त्या वळणापलीकडे."

वळणापलीकडे चौथा चढ होता. त्याच्या पायथ्याशी निवडुंगावर एक भारद्वाज बसला होता. राजाला बरं वाटलं. "शुभशकुन झाला," तो म्हणाला.

"मी नुसता बसलोय," भारद्वाज म्हणाला. "तळं सकाळी पहिल्याच चढामागे होतं. 'आलंच' असं कोणी खोटं म्हणालं की ते एक डोंगर मागे सरकतं. आज ते तीनदा सरकलंय. तीन खरी उत्तरं दिल्याशिवाय आता दिसायचं नाही."

"हे आधी का सांगितलं नाहीस?"

"आधी मला कोणी विचारलं नाही."

सूर्य कलला होता. राणीने बोचकं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. सात वर्षांत ती या प्रकारे बरंच काही बोलली होती.

"बाबा," मंजुळा म्हणाली, "तळं किती लांब आहे?"

राजाने तोंड उघडलं, मिटलं आणि पुन्हा उघडलं. "मला माहीत नाही."

"तुम्हाला वाट तरी माहीत आहे?"

"नाही. मी इथे कधीच आलो नाही."

"मग आपण का चाललोय?"

राजा धोंड्यावर बसला. "मला सात वर्षं झोप नाही, मंजुळा. ती तळ्यात आहे, ती आणायला चाललोय. तुम्हाला तळं दाखवायचंय म्हणालो, ते खोटं होतं. आणि मी फार दमलोय."

मंजुळाने विचार केला. "मग तसं सांगायचं ना," ती म्हणाली. "आम्ही हळू चाललो असतो."

आणि धोंड्यापासून दहा पावलांवर तळं होतं.

काठावर मांत्रिक पाय सोडून बसला होता. राजा काठाशी गेला तसा पाण्यातून गडू वर आला आणि तरंगत राजाच्या पायाशी लागला.

"पायऱ्या?" मांत्रिकाने विचारलं.

"उद्या गवंडी पाठवतो," राजा म्हणाला. "किती दिवस लागतील ते त्यांनाच विचारा. मला कळत नाही त्यातलं."

"एकोणीस वर्षांत पहिलं धड उत्तर," मांत्रिक म्हणाला.

राजाने गडूचं झाकण काढलं आणि तो तिथेच काठावर आडवा झाला. मुलांनी त्याच्या पोटावर गोटे रचले. तो घोरत राहिला.

जागा झाला तेव्हा डोळे स्वच्छ होते, शाप फिटला होता आणि राणी शेजारी काठावर बसली होती. एका हातात केयूरचं मनगट, दुसऱ्यात मंजुळाची वेणी, नजर पाण्यावर.

"तू निजली नाहीस?"

"महाराज, गेली सात वर्षं तुम्ही रात्रभर दालनात येरझारा घालत होता. त्या दालनात मीही होते." राणीने मनगट त्याच्या हातात दिलं, वेणीही दिली. "गडूत काही उरलंय का?"

राजाने वाकून पाहिलं. तळाशी घोटभर होतं. ते त्याने तिला दिलं.

सूर्य डोंगराला टेकला होता. मांत्रिकाने हात वर करून त्याला वीतभर वर सरकवलं आणि तिथेच धरून ठेवलं.

"आई कधी उठणार?" केयूरने विचारलं.

"माहीत नाही," राजा म्हणाला. "हळू बोल."

पुढे त्या वाटेला तीनशे पायऱ्या झाल्या. दरबारात 'होईलच' म्हणायची बंदी झाली, तेव्हा निम्मे मंत्री महिनाभर मुके होते. राजाराणी सुखाने निजली. ऐकणाऱ्यांनाही तशीच झोप लागो.