सगुणाकाकीचा सातवा हात

फार वर्षांपूर्वी खैरवळच्या वहाळावर साकव होता, पायी जाण्यापुरता लाकडी पूल. गाव त्याला काजूच्या टरफलांचं काळं तेल फासायचं. त्या काळ्या थराखाली एका फळीची चीर कुणाला दिसली नाही, आणि ऐन पुरात धाकू सुतार फळीसकट वाहून गेला.

तेव्हापासून त्याच्या बायकोने, सगुणाने, काळं तेल बंद केलं. राळ आणि जवसाचं तेल शिजवून ती मधासारखं रोगण करी. त्यातून लाकडाची रेघ न् रेघ दिसे. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, खरवताच्या खरखरीत पानाने घासायचा, मग पुढचा. असे सात. तिच्या साकवावर पाणी अळवाच्या पानावरच्यासारखं मोती होऊन घरंगळे, असं म्हणतात.

पण गावाला दम नसे. ओल्यावरूनच कुणी जाई, पावलं उमटत, आणि सगुणा मुकाट्याने पुन्हा घासायला बसे. अशी तीस वर्षं गेली.

एका शिमग्यात देवीची पालखी वहाळापाशी आली, तेव्हा सातवा हात राहिला होता. सगुणा साकवाच्या तोंडाशी बसली होती. तिचा खांदा उचलत नव्हता.

गावचे मुख्य मानकरी, गावकर, हसून म्हणाले, "वहिनी, साकव आहे की नवरी? किती नटवशील?"

"याच्यावरून नवऱ्याच जायच्यात, भावजी. आता सातव्या हाताआधी एवढी पावलं पडली, की सगळं पहिल्यापासून. ते माझ्याच्याने व्हायचं नाही. कुणीतरी फडकं धरा."

सगळे नव्या कपड्यांत होते. कुणी हललं नाही. गावकरांनी पालखी उचलायला सांगितलं, तर पालखी उचलेना. चौघांनी खांदा लावला, मग आठांनी. जागची हलली नाही, असं म्हणतात.

गावकरांनी पालखीकडे पाहिलं, मग सगुणाच्या रोगणाने पिवळ्या पडलेल्या हातांकडे. बाह्या सारून त्यांनी फडकं घेतलं. मागोमाग घराघरातला एकेक जण वाकला.

"पातळ," सगुणा बसल्या जागेवरून म्हणाली. "पुसल्यासारखं द्या."

घाटावरून कोरडा वारा उतरला आणि प्रहरात रोगण वाळलं. पालखी फुलासारखी उचलली. पलीकडे पोचल्यावर सगळ्यांनी वहिनीला हाक मारली. ती खांबाला टेकून बसली होती. तळवे मांडीवर उघडे होते. ती पुन्हा उठली नाही.

आता तिथे सिमेंटचा पूल आहे. पण त्याच्या कठड्यात साकवाची एक फळी बसवली आहे. शिमग्याला दर घरचा एक जण तिला रोगणाचा पातळ हात देतो, आणि फडकं पुढच्याला देताना म्हणतो, "काकी, तू बस."

फळी वाळेपर्यंत पालखी अलीकडे थांबते.