मास्तरांचं राहिलेलं भाषण

"पण तो आवाज विचारतो तरी काय?"

धोंडीनाथबाबांनी एवढंच विचारलं. टेकडीवरच्या मठापुढं मंडप घातलेला, टळटळीत दुपार, आणि रिकाम्या खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत बाबा एकटेच बसलेले. समोर कल्याणी उभी होती.

"विचारतो… ताई, मी काय म्हणालो?"



आता ही ढमढेऱ्यांची कल्याणी काही भित्री नव्हे, देवभोळी तर मुळीच नव्हे. तालुक्याच्या गावात पोफळे साहेबांची छोटीशी कंपनी आहे. सत्कार, उद्घाटनं, वर्धापनदिन, जे असेल ते पार पाडून देते. साहेब कामं आणतात, साऊंडवाला वायरी ओढतो, बाकी सगळी कल्याणी. हार तीच सांगते, पाहुण्यांना तीच सांभाळते आणि पेपरला बातमीही तीच देते. उद्या मठाचा कळस चढायचा होता. ते कामही तिच्याच अंगावर होतं.

बातमीच्या बाबतीत मात्र बाईंचा तोरा भारी. पेपरवाल्यांना बातमी हवी दिवेलागणीच्या आत, आणि आपले कार्यक्रम सुरूच होतात उशिरा. मग काय, ही आदल्या दिवशीच बातमी लिहून मोकळी. सोहळा उत्साहात पार पडला, टाळ्यांचा कडकडाट झाला, प्रमुख पाहुणे असं असं म्हणाले. पाहुण्यांनी तोंड उघडायच्या आत त्यांचं म्हणणं पेपरच्या कचेरीत पोचलेलं असायचं. आणि गंमत म्हणजे फारसं चुकायचंही नाही. सगळे तेच तर बोलतात, असं ती हसून सांगायची.

शिरढोणे मास्तरांच्या सत्कारालाही तिनं तसंच केलं.

मास्तर उभी हयात एकाच वाडीच्या शाळेत शिकवत राहिले. सत्काराच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. खोकत खोकत म्हणाले, ताई, उद्या मला एक गोष्ट बोलायची आहे. आजवर कुणापाशी बोललो नाही. विसरायच्या आत तुम्हाला सांगून ठेवू का?

कल्याणी तेव्हा फुलवाल्याशी भांडत होती. ती म्हणाली, "मास्तर, तुम्ही अगदी निर्धास्त या. तुमचं भाषण मी लिहून पेपरला पाठवलंयसुद्धा."

मास्तर बरं म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सत्काराला येता येता ते गाडीतच गेले. सभागृहापर्यंत पोचलेच नाहीत.

त्या धांदलीत बातमी थांबवायची राहून गेली. सकाळच्या पेपरात एका पानावर मास्तर गेल्याची बातमी, आणि त्याच्या समोरच्याच पानावर मास्तर सत्काराला उत्तर देताहेत. हा सत्कार माझा नसून माझ्या विद्यार्थ्यांचा आहे, असं म्हणताहेत.

कुणी तक्रारसुद्धा केली नाही. कल्याणी माफी मागायला मास्तरांच्या घरी गेली, तर ते कात्रण देव्हाऱ्याशेजारी फ्रेम करून लावलेलं. मास्तरांच्या बायकोला ठाऊक होतं, आपला माणूस वाटेतच गेला. तरी त्या शांतपणे म्हणाल्या, "पेपरात आलंय ना… म्हणजे कुठंतरी म्हणालेच असतील."

त्या दिवसापासून हे सुरू झालं. माईक तपासायला कल्याणी उभी राहिली, 'हॅलो, हॅलो' म्हणाली, की तिचा आवाज विरल्यावर स्पीकरमधून आधी खोकला येतो. मग तो प्रश्न येतो. साऊंडवाल्याला काही ऐकू येत नाही. आज थोड्या वेळापूर्वी इथंही आला, मठाच्या दारात, भर उन्हात.

"मग तू काय उत्तर देतेस?" बाबांनी विचारलं.

"मी… माईक बंद करते."

बाबांनी मान हलवली. तिला त्यातून काहीच कळलं नाही.

ती मग धडाधडा बोलत सुटली. अंगारा द्या, ताईत द्या, काय हवं ते करा, पण उद्याच्या आत हे जायला हवं. माईकसमोर उभंच राहता येईना तर हे काम सुटणार, आणि दुसरं काम तिला येत नव्हतं. झोप कधीच उडाली होती. मला भीती वाटते हो, असं शेवटी म्हणाली.

बाबांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्या मी काय म्हणालो?"

कल्याणी चपापली. तिनं मान खाली घातली. बातमी फोनमध्ये तयार होती, फक्त पाठवायची राहिली होती.

"वाच की. लाजतेस कशाला?"

तिनं वाचलं. धोंडीनाथबाबांनी भाविकांना आशीर्वचन दिलं. कळस देवळावर चढवण्याआधी मनावर चढवा, असं ते म्हणाले. भाविक भारावून गेले.

"बरा बोललो," बाबा म्हणाले.

ते उठले, सावकाश मंचावर गेले आणि त्यांनी माईक सुरू केला. लाल दिवा लागला. बाबा बोलू लागले. ओठ हलत होते, गळ्याची शीर हलत होती, काहीतरी समजावून सांगावं तसा हात वर-खाली होत होता… पण स्पीकरमधून शब्द येईना. तिथंच मंचाच्या पायऱ्यांपाशी उभ्या असलेल्या कल्याणीला तर त्यांचा साधा आवाजही ऐकू येईना.

लांब चिंचेवर एक कावळा ओरडला. तो मात्र स्पीकरमधून केवढ्यांदा ऐकू आला. सगळा मंडप दणाणला.

म्हणजे माईक चालू होता.

बाबा थांबले होते आणि तिच्या हातातल्या फोनकडं, त्यात आधीच लिहून ठेवलेल्या आपल्या भाषणाकडं बघत होते.

"पण बाबा, मग पेपरला काय देऊ?"



तिचं बोट त्या बातमीवर बराच वेळ अडून राहिलं. पेपरात काहीच आलं नाही तर पोफळे साहेब काय म्हणतील, मठाची माणसं काय म्हणतील, हे सगळं तिच्या डोक्यातून गेलं. मग तिनं ती बातमी पुसून टाकली.

स्पीकर घरघरला. आधी खोकला आला. तोच, ओला आणि दमलेला.

"ताई… मी काय म्हणालो?"

ती मंचावर धावली. सवयीनं तिचा हात बटणाकडं गेला, तर तिथं बाबांनी आपला तळहात ठेवला होता. तो हात बर्फासारखा गार होता.

आता पळायला जागा नव्हती.

"मला माहीत नाही, मास्तर," कल्याणी माईकमध्ये म्हणाली. "तुम्ही सांगत होता… मीच ऐकलं नाही." आणि इतके दिवस कोंडलेलं रडू तिला तिथं, त्या रिकाम्या मंडपापुढं फुटलं.

स्पीकरची घरघर थांबली. पानाचा आवाज नाही, पाखराचा नाही. समोरच्या खुर्च्यांवरची पांढरी कापडं वारा नसताना किंचित हलली.

बाबांनी माईकच्या स्टँडचा स्क्रू सैल केला आणि माईक चांगला वीतभर खाली घेतला. शिरढोणे मास्तर अंगानं ठेंगणे होते. हे कल्याणीनं बाबांना सांगितलेलं नव्हतं.

मग बाबांनी तिच्या दंडाला धरून तिला खाली आणलं, पहिल्या रांगेत बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. माईकसमोर कुणीच नव्हतं. लाल दिवा तेवढा जळत होता.

बाबांनी त्या मोकळ्या जागेला हात जोडले.

"बोला, मास्तर. अजून काही लिहिलेलं नाही."