तळ्याकाठचे काटे

मुलांनो, कारवीच्या एका दाट जंगलात एक अस्वल वैद्यकी करायचे. कुणाला जुलाब लागले की ते आधी पाणी बंद करी. "आत गेलंच नाही तर बाहेर येईल कसं?" असे ठासून सांगे. बरे झालेले प्राणी मधाचे पोळे घेऊन पाया पडायला येत. मेलेले कुठून येणार? त्यामुळे आपला उपाय कधीच चुकत नाही, अशी त्याची पक्की समजूत झाली होती.

पुढे तिथे एक साळू राहायला आली. ती आजाऱ्याला घोट घोट पाणी पाजी आणि नंतर घरोघर जाऊन विचारी, "पाणी दिलं होतं का? पोर जगलं का?" तळ्याकाठी तिने आपल्या काट्यांच्या दोन ओळी मांडल्या होत्या : एक पाणी दिलेल्यांची, एक पाणी तोडलेल्यांची. जगला तर काटा उभा, गेला तर आडवा. पाण्याच्या ओळीत जवळजवळ सगळे काटे उभे, दुसरीत बरेचसे आडवे! आजारी तिच्याकडे वळले, मधही तिकडेच जाऊ लागला. अस्वलाचा नुसता जळफळाट झाला. "काल आलेली ही काटेरी बया मला शिकवणार?" एका दुपारी आसपास कोणी नाही असे पाहून त्याने सगळे काटे उपटून एकत्र कालवून टाकले. काय गार वाटले म्हणून सांगू त्याला!

चारच दिवसांत त्याच्याच पिल्लाला जुलाब लागले. पाणी तोडले, तसे पिल्लाचे डोळे खोल गेले. अस्वल धापा टाकत साळूकडे आले.

"पाणी पाजा," ती म्हणाली.

"आणि मेलं तर? तुझं खरं कशावरून? पुरावा दाखव!"

"दाखवला असता, वैद्यबुवा. पण काठावर तुमच्याच पंजांचे ठसे आहेत. जा, आता स्वतः विचारून या."

अस्वल दारोदार पळाले. सशीण म्हणाली, "पाणी दिलं, पोर वाचलं." कोल्हीणही तेच म्हणाली. हरिणी मात्र म्हणाली, "तुम्ही सांगितलंत म्हणून पाणी तोडलं. माझं पाडस तिसऱ्या दिवशी गेलं. तुम्ही विचारायला आज आलात." अशी आणखी चार घरे निघाली.

अस्वलाने घरी येऊन पिल्लाला घोट घोट पाणी पाजले. दोन दिवसांनी पिल्लू उठून बसले. मग अस्वल तळ्याकाठी गेले. त्याने आपल्या पिल्लाचा एक काटा उभा केला आणि आपल्या उपायाने गेलेल्यांचे पाच आडवे ठेवले. पहिला आडवा काटा हरिणीच्या पाडसाचा होता.

तात्पर्य : उपाय खरा की खोटा, हे वैद्याच्या मानावरून नव्हे, तर वाचलेल्यांबरोबर गेलेल्यांनाही मोजून ठरते; आणि मत्सराने तो पुरावा मोडणारा आपल्याच माणसाच्या जिवाशी खेळतो.