गोजराची खारी विहीर

दक्षिणवाडीच्या मधोमध हा खड्डा दिसतो ना, तीच गोजराची विहीर. फोटो काढायचे तर काढा, पण आत नाणी टाकू नका. ही नवसाची विहीर नव्हे. सेरान हा एवढ्याशा बेटाचा देश, नकाशावर शोधायला भिंग लागते. इथे डोंगर नाही, नदी नाही, सगळ्यात उंच काय तर नारळाचे झाड. माणसे मूठभर, आणि त्यातही उत्तरवाडी नि दक्षिणवाडी यांचा उभा दावा. त्याचे मूळ या खड्ड्यात आहे.

असे सांगतात, की उत्तरवाडीचे कोळी इथले आधीपासूनचे. मग एका कंपनीच्या जहाजातून साताऱ्याकडची डोंगरी माणसे नारळाच्या बागांत राबायला आली, आणि उतरल्या दिवसापासून उत्तरवाडीच्या डोळ्यांत खुपली. खाणारी-पिणारी तोंडे वाढली, पाणी तेवढेच. गोड्या पाण्याचे उथळ खड्डे उत्तरवाडीचे, आणि भोवती भालेवाले बसलेले. दक्षिणवाडीच्या बायांनी घागर ठेवून लांब सरायचे, मग तीत वरून चार ओंजळी पाणी पडायचे, तेही शिव्यांसकट. शहाळी कंपनीची, एक उतरवले तरी पाठीवर वळ उठत. गोजरा तेव्हा ओली बाळंतीण होती. पाण्यावाचून अंगावरचे दूध आटत चालले होते आणि तान्ही लेक रडून रडून निपचित पडत होती.

गोजराचा नवरा धोंडबा विहिरी खोदणारा. दुष्काळात कातळ फोडून पाणी काढलेले घराणे. त्याने वाळूत कमरेइतके खोदले आणि गोडे पाणी लागले. वाडी नाचली. तिथेच थांबला असता तर आज ही गोष्ट सांगावी लागली नसती. पण डोंगरातल्या माणसाला उथळ पाण्याचा भरवसा कसा वाटावा?

"वरचं पानी चार दिसांचं," धोंडबा म्हणाला. "खालचा झरा लागला, की जल्माची ददात मिटंल."

तेवढ्यात उत्तरवाडीची म्हातारी मारिबा काठी आपटत आली. बागेत कानावर पडलेल्या मोडक्या मराठीत ओरडू लागली, "बस! खाली नको! खाली दर्या!"

म्हातारीला आपले बरे बघवत नाही, असेच सगळ्यांना वाटले. गोजरा तर तिच्या अंगावर धावून गेली. "आमची लेकरं तहानेनं मेली, की तुझं पोट थंड हुईल व्हय गं?" म्हणत तिने वाळूची मूठ म्हातारीच्या तोंडावर फेकली. मारिबा डोळे चोळत परत गेली. धोंडबा खणत राहिला.

या बेटाचे गोडे पाणी दुधावरच्या सायीसारखे आहे. वर पातळ थर, खाली नुसता समुद्र. धोंडबाच्या कुदळीने ती साय फाडली. विहीर आधी मचूळ झाली, मग खारट. आणि पाठोपाठ उत्तरवाडीचे खड्डेही मचूळ झाले, म्हणे. मग काय, भाले घेऊन सगळी उत्तरवाडी चालून आली. होड्यांत बसा आणि चालते व्हा, नाहीतर इथेच पुरतो.

धोंडबाने कुदळ खाली टाकली. गोजराला त्याचा संताप आला, मारिबाचा आला, सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. लेकीला कडेवर घेऊन ती पुढे झाली.

"तुमचं पानी गोड हुईस्तवर मी ह्याच हिरीचं पिईन," ती म्हणाली. "दुसरा थेंब घेनार न्हाई. मानसं तेवढी हितं ऱ्हाऊ द्या."

मारिबाने होकाराची मान हलवली, पण ती दयेने नव्हे. ती रोज येऊन समोर बसायची आणि गोजराने करवंटी रिकामी केलेली बघूनच उठायची. कुणीतरी चोरून शहाळे आणले, तर म्हातारीने ते लाथेने उडवले. गोजराचे ओठ फाटले, दूध पार आटले. लेकीला शेजारणी मचूळ पाण्यात बोट बुडवून चोखायला देत.

अखेर पाऊस लागला आणि उत्तरवाडीचे खड्डे गोड झाले. मारिबा पहिल्या पाण्याची करवंटी घेऊन आली. गोजराचा शब्द पुरा झाला होता. पण गोजराला उठवत नव्हते; तिने फक्त लेकीकडे बोट केले. म्हातारीने पोरीला मांडीवर घेतले आणि थेंब थेंब पाजले. पोर चुटूचुटू पिऊ लागली. धोंडबा पाया पडायला वाकला, तशी मारिबा मागे सरली.

"पाणी पोरीला," ती म्हणाली. "तुला नाही."

गोजरा त्याच संध्याकाळी गेली. ही विहीर पुन्हा कधी गोड झाली नाही.

दोन्ही वाड्यांत आजही सोयरीक होत नाही, एकमेकांच्या दारात कुणी बसत नाही. मात्र दक्षिणवाडीत मूल जन्मले, की उत्तरवाडीची एक बाई पाणी घेऊन येते, बाळाच्या ओठांना लावते आणि काही न बोलता जाते. गेल्या साली जाळ्यांवरून दोन्हीकडची डोकी फुटली. त्याच आठवड्यात त्या समोरच्या घरात मुलगी झाली. पाणी घेऊन जी बाई आली, तिच्या नवऱ्याचे डोके त्या मुलीच्या बापानेच फोडले होते. ती आत गेली, बाळाच्या ओठांना पाणी लावले, बाहेर येऊन बापाच्या पायाशी थुंकली आणि चालू लागली. बाप हात जोडून उभा होता.